९८ टक्क्यांवर अडकलेली डीव्हीडी

लग्नाची डीव्हीडी तयार होताना ९८ टक्क्यांवर येऊन अडकली, किंवा राइट झाली पण घरच्या प्लेअरवर चालेना, की पहिला संशय सॉफ्टवेअरवर जातो. ते काढून पुन्हा टाकलं जातं, कुणाकडून तरी दुसरी आवृत्ती मिळवली जाते, वेगळ्या कंपनीच्या कोऱ्या डिस्क आणल्या जातात. या सगळ्यात दोन-तीन दिवस जातात आणि बिघाड बहुतेक वेळा जिथल्या तिथे राहतो. याचं कारण या कामाच्या रचनेतच आहे. टेपवरून किंवा कार्डावरून चित्र संगणकात घेणं म्हणजे कॅप्चर, त्याची काटछाट म्हणजे मिक्सिंग, डीव्हीडीला चालेल अशा साच्यात ते दाबून बसवणं म्हणजे एन्कोडिंग, मेनू आणि प्रकरणं जोडणं म्हणजे ऑथरिंग, आणि शेवटी डिस्क राइट करणं. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीने जे दिलं ते निमूट स्वीकारते. त्यामुळे कॅप्चरमधली चूक ऑथरिंगपर्यंत बिनबोभाट पोचते आणि तिथे अडते, आणि आपण ऑथरिंगच्या प्रोग्रॅमला दोष देत बसतो. माझं म्हणणं एवढंच आहे की सॉफ्टवेअर बदलण्याआधी पायरी शोधावी. ती शोधायला महागडं काही लागत नाही, थोडा धीर आणि साधा हिशेब लागतो.

आता डीव्हीडी बनवतो कोण, असा आक्षेप रास्त आहे. स्वस्त व्हीसीडी-डीव्हीडी घरोघर पोचवणारी नोएडाची मोझर बेअर २०१८ साली अवसायनात गेली. जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं. दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला पुस्तकांच्या दुकानांशेजारी भीमगीतांच्या सीडी-डीव्हीडी मांडलेल्या असत, त्या गाण्यांची जागाही आता पेन ड्राइव्ह आणि मोबाइल घेत आहेत. तरी नागपुरातल्या कपाटांत १९९० आणि २००० च्या दशकांतल्या लग्नांच्या, मुंजींच्या, गॅदरिंगच्या कॅसेटी पडून आहेत आणि त्या वाचवायची वेळ हीच आहे, कारण टेप आणि टेप चालवणारी यंत्रं दोन्ही संपत चालली आहेत. आजोबांसाठी डीव्हीडी करा नाहीतर नातवासाठी मोबाइलवर चालणारी फाइल करा, कॅप्चर आणि एन्कोडिंगच्या पायऱ्या त्याच राहतात आणि चुकाही त्याच होतात. डीव्हीडीचे नियम कडक असल्यामुळे चूक तिथे लगेच पकडली जाते, मोबाइलवर ती तशीच खपून जाते, इतकाच फरक.

शोध सुरू करताना विचारायचा पहिला प्रश्न असा: काम दर वेळी एकाच जागी अडतं की वेगवेगळ्या? दर वेळी त्याच मिनिटाला, त्याच दृश्यावर थांबत असेल तर दोष फाइलमध्ये आहे. तिथे टेपला घडी पडलेली असते, एखादी क्लिप अर्धवट कॉपी झालेली असते, किंवा कुणीतरी व्हॉट्सअॅपवरून पाठवलेला तुकडा वेगळ्याच साच्यातला असतो. तेवढा तुकडा बाजूला काढून उरलेलं एन्कोड करून पाहिलं की दहा मिनिटांत खात्री पटते. पण एकदा ३० टक्क्यांवर, दुसऱ्यांदा ७० वर, तिसऱ्यांदा १२ वर मशीन बंद पडत असेल तर फाइलला आणि सॉफ्टवेअरला हात लावू नये, संगणकाकडे पाहावं. एन्कोडिंग हे प्रोसेसरला तासन्‌तास पूर्ण ताकदीने राबवणारं काम आहे. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा खोलीतली हवाच इतकी तापलेली असते की पंख्याने प्रोसेसर निवत नाही. त्याचं तापमान शंभर अंशांजवळ पोचलं की तो स्वतःचा वेग कमी करतो, आणि तेवढ्याने भागलं नाही तर मशीन बंद होतं. पंख्यातली धूळ साफ करून तेच काम रात्री लावावं आणि पाहावं. खराब रॅम किंवा वीज जाता-येता दगा देणारा यूपीएस यांचंही लक्षण असंच, जागा बदलत राहणारं, असतं.

९८ टक्क्यांवर अडकण्याचं दुखणं मात्र वेगळं आहे, आणि ते समजून घ्यायला थोडं गणित करावं लागेल. एका थराच्या डीव्हीडीवर ४.७ जीबी मावतात, म्हणजे ४७० कोटी बाइट, म्हणजेच सुमारे ३७,६०० मेगाबिट. तीन तासांच्या लग्नाचे सेकंद होतात १०,८००. भागाकार केला की दर सेकंदाच्या वाट्याला येतात जेमतेम साडेतीन मेगाबिट, आणि यातच चित्र आणि आवाज दोन्ही बसवायचे आहेत. आवाज न दाबता पीसीएम स्वरूपात ठेवला तर तो एकटाच दीड मेगाबिट खातो आणि चित्राला दोनसुद्धा उरत नाहीत. तोच आवाज डॉल्बी डिजिटलमध्ये घेतला तर दर सेकंदाला १९२ किलोबिटमध्ये काम होतं आणि चित्राला सव्वातीनच्या आसपास मिळतात. चौकटी-चौकटींचं चित्र दिसतं म्हणून एन्कोडरला शिव्या घालण्याआधी आवाजाची ही सेटिंग पाहावी. फार जणांचा प्रश्न एवढ्यानेच अर्धा सुटेल.

याची दुसरी बाजू अशी की डीव्हीडीच्या नियमानुसार चित्राला कोणत्याही क्षणी ९.८ मेगाबिटच्या वर जाता येत नाही, आणि चित्र-आवाज मिळून १०.०८ च्या वर. मंगलाष्टकं चालू असताना अंतरपाटासमोर उभ्या नवरदेवाचं चित्र स्वस्तात भागतं, कारण एका फ्रेममधून दुसऱ्या फ्रेममध्ये फारसं काही बदलत नाही. मग अक्षता पडतात. शेकडो दाणे, प्रत्येकाची दिशा वेगळी, वर कॅमेऱ्यांचे फ्लॅश आणि शालूच्या जरीची चमक. त्या दहा सेकंदांत एन्कोडरला जितके बिट द्यावेत तितके कमीच पडतात. मर्यादा घालून दिली नसेल तर तो कमाल रेषा ओलांडतो, आणि हे उघडकीला येतं शेवटी, चित्र आणि आवाज एकत्र गुंफण्याच्या वेळी. म्हणून ९८ टक्के. इलाज एन्कोडिंगच्या पायरीवर आहे: बिटरेट बदलता ठेवावा, कमाल ८ मेगाबिटवर बांधावी आणि दोन फेऱ्यांत एन्कोड करावं, म्हणजे पहिल्या फेरीत कुठे गर्दी आहे ते कळतं आणि दुसरीत त्याप्रमाणे वाटप होतं. चाचणीही सुरुवातीच्या गणपतीच्या फोटोवर घेऊ नये, तिथे सगळंच छान दिसतं. वरातीची किंवा अक्षतांची दोन मिनिटं कापून त्यांच्यावर घ्यावी.

चित्र थरथरण्याची तक्रार आली की दोष टीव्हीवर जातो. भारतातल्या पाल पद्धतीत चित्राच्या ५७६ ओळी असतात आणि त्या दोन हप्त्यांत दाखवल्या जातात, आधी एकाआड एक अशा २८८, मग उरलेल्या २८८. सेकंदाला २५ फ्रेम म्हणजे असे ५० हप्ते. यांतला कोणता हप्ता आधी, हे फाइलमध्ये नोंदलेलं असतं. मिनी डीव्हीच्या टेपवर खालचा हप्ता आधी येतो, हाय डेफिनिशन कॅमेऱ्यात वरचा. मिक्सिंगच्या प्रोजेक्टमध्ये ही सेटिंग उलटी पडली की हलणारी प्रत्येक वस्तू एक पाऊल पुढे, एक पाऊल मागे अशी दिसते. स्थिर चेहरा स्वच्छ आणि नाचणाऱ्याचे हात मात्र थरथरते, हे याचं हमखास लक्षण. संगणकाच्या पडद्यावर ते नीट कळत नाही, म्हणून चाचणी टीव्हीवरच घ्यावी. मराठी शीर्षकांची एक अडचण याच रचनेतून येते आणि तिच्याकडे फार थोड्यांचं लक्ष जातं. शिरोरेषा बारीक, एकाच ओळीची असेल तर ती दोनपैकी एकाच हप्त्यात येते आणि दर क्षणी दिसत-विझत राहते. वधूवरांची नावं जाड अक्षरात घ्यावीत, नाहीतर शिरोरेषा किंचित धूसर करून दोन-तीन ओळींत पसरू द्यावी, लुकलुकणं थांबतं.

ओठ आणि आवाज जुळत नाहीत ही तक्रार एकच वाटते, पण तिचे तीन प्रकार आहेत आणि प्रत्येकाची पायरी वेगळी. पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत सारखंच अंतर राहत असेल तर आवाज तेवढा पुढे-मागे सरकवावा, काम झालं. अंतर हळूहळू वाढत जात असेल तर कुठेतरी दोन वेगांची सरमिसळ झाली आहे. सेकंदाला २९.९७ फ्रेमचं चित्र ३० समजून घेतलं तर तासाभरात साडेतीन सेकंदांहून जास्त फरक पडतो. मोबाइल तर गरजेप्रमाणे फ्रेमचा वेग कमी-जास्त करत चित्रीकरण करतो, त्यामुळे मोबाइलच्या क्लिप आधी स्थिर २५ फ्रेममध्ये आणि ४८ किलोहर्ट्झच्या आवाजात बदलून मगच मिक्सिंगला घ्याव्यात. तिसरा प्रकार म्हणजे सगळं ठीक चाललेलं असताना एका विशिष्ट क्षणी आवाज एकदम पुढे उडी मारतो. तिथे कॅप्चरच्या वेळी फ्रेम गळलेल्या असतात आणि टेपचा तेवढा भाग पुन्हा कॅप्चर करण्यावाचून मार्ग नाही. तिन्हींवर आवाज सरकवण्याचा एकच उपाय करत राहणारे लोक एका गाण्यात जुळवतात आणि पुढच्या गाण्यात पुन्हा अडकतात.

ऑथरिंग आणि राइटिंग यांच्यामधली भिंत पक्की ठेवणं ही माझ्या मते सर्वांत फायद्याची सवय आहे. थेट डिस्कवर राइट करू नये. आधी हार्ड डिस्कवर आयएसओ फाइल करावी आणि ती व्हीएलसीमध्ये चालवून मेनू, प्रकरणं, शेवट सगळं पाहावं. तिथेच अडलं तर दोष अलीकडचा, तिथे चाललं आणि प्लेअरवर अडलं तर डिस्क, रायटर किंवा राइट करण्याचा वेग यांतला. मग मध्यम वेगाने राइट करावं आणि डिस्क फायनलाइज झाली की नाही ते तपासावं. एमपी४ फाइल नुसती डिस्कवर कॉपी केली तर ती डीव्हीडी होत नाही, प्लेअरला व्हिडिओ टीएस नावाचा फोल्डर आणि त्यातल्या व्हीओबी, आयएफओ, बीयूपी फाइल लागतात. जुन्या प्रोग्रॅमना देवनागरीतली फोल्डरची नावं वाचता येत नाहीत, तेव्हा 'चि. सौ. कां.' असं नाव दिलेला फोल्डर हेच न समजणाऱ्या एररचं कारण असू शकतं. फोल्डर रोमन लिपीत ठेवावा. मेनूवरच्या मराठी अक्षरांची वेलांटी भलत्या जागी जात असेल तर शीर्षक दुसरीकडे नीट तयार करून चित्र म्हणून आणावं. पेन ड्राइव्ह फॅट३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल तो घेणारच नाही, मग आयएसओ कितीही निर्दोष असो.

यावर म्हटलं जातं की एका क्लिकवर सगळं करणारे प्रोग्रॅम असताना ही उठाठेव कशाला. असे प्रोग्रॅम चांगले आहेत, आणि फाइल सरळ असेल तर जरूर वापरावेत. पण ते पाचही पायऱ्या एका बटणामागे लपवतात, त्यामुळे अडलं की कुठे अडलं हे कळायला वाटच उरत नाही. एफएफएमपेगसारखं फुकट साधन एन्कोडिंग वेगळं करून देतं, डीव्हीडी स्टाइलर ऑथरिंग करतं, राइटिंगला तिसरा प्रोग्रॅम. तीन तुकड्यांत केलेल्या कामाला वेळ थोडा जास्त लागतो, पण बिघडल्यावर एकच तुकडा पुन्हा करावा लागतो. दुसरा आक्षेप नवा आहे: आज कसंही दाबून ठेवा, उद्या कृत्रिम बुद्धिमत्ता चित्र सुधारेल. ती चित्र देखणं करील यात शंका नाही. पण अक्षतांच्या गर्दीत चौकटी होऊन पुसला गेलेला आत्याचा चेहरा तिला माहीत नाही. ती तिथे एक शक्य असा चेहरा भरील, आणि घरच्यांना हवा असतो तो आत्याचा.

मूळ फाइलचं मोल किती, याचा महाराष्ट्रातला सर्वांत ठळक दाखला न्यायालयातून आला आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालन्याहून अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. खोतकरांचा उमेदवारी अर्ज दुपारी ३ च्या मुदतीनंतर स्वीकारला गेला, असा दावा कैलास गोरंट्याल यांनी केला आणि निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या दालनातल्या चित्रीकरणाच्या व्हीसीडी पुराव्यात आल्या. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २०१७ मध्ये ती निवड रद्द ठरवली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १४ जुलै २०२० च्या निकालात निर्वाळा मिळाला की मूळ उपकरण हजर केलं तर वेगळं प्रमाणपत्र लागत नाही, पण त्यावरून काढलेली प्रत असेल तर कायद्याचं प्रमाणपत्र लागतंच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या प्रमाणपत्रात फाइलची हॅश किंमतही लिहावी लागते. हॅश म्हणजे फाइलमधल्या सगळ्या बिटांवरून काढलेला आकडा, एक बिट हलला तरी तो बदलतो. पुन्हा एन्कोड केलेली प्रत डोळ्यांना हुबेहूब दिसली तरी तिचा हॅश मूळ फाइलशी जुळत नाही.

घरच्या कॅसेटींना कुणी न्यायालयात नेणार नाही, पण डीव्हीडी हातात देऊन कॅप्चरची फाइल पुसून टाकण्याची रीत दुकानांतून आहे, तिला आधीच अडवायला हवं. टेप देतानाच सांगावं की डीव्हीडीबरोबर मूळ डीव्ही फाइलही आमच्या हार्ड डिस्कवर द्या. तिला तासाला सुमारे १३ जीबी लागतात, म्हणजे तीन तासांच्या व्हीएचएस कॅसेटला चाळीसच्या आत, आणि १ टीबीच्या डिस्कवर अशा चोवीस-पंचवीस कॅसेटी मावतात.