डिस्चार्जच्या दिवशी रुग्णाच्या बाजूने कोण?

खासगी रुग्णालयाच्या तळमजल्यावर, औषधांचे दुकान आणि बिलिंगची खिडकी यांच्या आसपास, एक टेबल असते. वर पाटी ‘कॅशलेस’ किंवा ‘टीपीए डेस्क’. आरोग्य विम्याची चर्चा आपल्याकडे होते ती हप्ता किती, कव्हर किती, करसवलत किती, एवढ्यापुरती. विमा प्रत्यक्षात कामी येतो की नाही, हे मात्र या टेबलावर ठरते, म्हणून तिथले काम जवळून पाहण्यासारखे आहे. सकाळी अकरापासून लोक एकच प्रश्न विचारत येतात, ‘अप्रूव्हल आलं का?’ डेस्कवरची तरुण कर्मचारी संगणकाच्या पडद्यावरून नजर न काढता सांगते, ‘फाइल गेलीय, तीन तास लागतात.’ हा आकडा तिने स्वतःच्या मनाने काढलेला नाही. विमा नियामक प्राधिकरणाच्या 29 मे 2024 च्या परिपत्रकानुसार कॅशलेसची पहिली मंजुरी एका तासात आणि डिस्चार्जच्या वेळची अंतिम मंजुरी तीन तासांत दिली पाहिजे. त्याहून उशीर झाला आणि रुग्णालयाने त्याचे जादा पैसे लावले, तर ते विमा कंपनीने भागधारकांच्या निधीतून भरायचे आहेत. नियम चांगला आहे, कडकही आहे. पण हे तीन तास सुरू कधी होतात?

नातेवाइकांचे घड्याळ सुरू होते ते डॉक्टर राउंडला येऊन ‘आज घरी जा’ म्हणतात तेव्हा. नियमातले घड्याळ सुरू होते रुग्णालयाची विनंती विमा कंपनीकडे पोहोचल्यावर. मधल्या वेळात उरलेली औषधे परत जातात, डिस्चार्ज समरी टाइप होऊन सहीसाठी थांबते, लॅबची शेवटची नोंद चढते, फायनल बिल बनते. यात दुपार सहज उलटते. नियमातले तीन तास अगदी काटेकोर पाळले तरी घरच्यांचा अख्खा दिवस बाकावर जातो आणि त्यांच्या लेखी दोष त्या टेबलापलीकडच्या मुलीचा असतो. ती दोन्हीकडून बोलणी खाते. तरीही ती नोकरी करते रुग्णालयाची. बिल वसूल झाले की तिचे काम संपते. मंजुरीत काय कापले गेले, ते योग्य होते का, हे तपासून पाहणे तिच्याकडून अपेक्षितच नाही. तिच्यासमोरच्या स्क्रीनच्या पलीकडे बसलेला टीपीएचा, म्हणजे दावे हाताळणाऱ्या मध्यस्थ संस्थेचा, माणूस विमा कंपनीसाठी काम करतो. या सगळ्या साखळीत हप्ता भरणाऱ्याच्या बाजूने बोलणारे कोणीही नाही. आपल्या आरोग्य विम्यातली सर्वांत मोठी उणीव मला हीच वाटते.

या उणिवेची किंमत रुपयांत मोजता येते. ‘आरोग्य संजीवनी’ ही एप्रिल 2020 पासून आलेली प्रमाणित पॉलिसी घ्या. तिच्यात खोलीचे भाडे विमा रकमेच्या 2 टक्के, पण दिवसाला जास्तीत जास्त 5,000 रुपये, एवढेच मिळते. समजा तीन लाखांची पॉलिसी आहे. भरतीच्या रात्री काउंटरवरून सांगितले जाते, ‘जनरल फुल आहे, सिंगल आहे आठ हजारांची, देऊ का?’ माणूस कळवळत असतो. घरचे ‘हो’ म्हणतात. त्यांचा हिशेब असा की दिवसाला तीन हजार आपले, चार दिवसांचे बारा हजार, चालेल. पण पॉलिसीतल्या कलमाप्रमाणे जिथे खोलीनुसार दर बदलतात तिथे शल्यचिकित्सकाची फी, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर हा संलग्न खर्चही त्याच प्रमाणात, म्हणजे पाच अष्टमांशच, मंजूर होतो. हा खर्च 1,60,000 असेल तर मिळणार एक लाख. बारा हजारांच्या तयारीने आलेल्या घराला 72,000 रुपये उभे करायचे असतात, शिवाय 5 टक्के को-पे, म्हणजे दाव्यातला विमाधारकाचा वाटा, आणि हातमोज्यांसारख्या किरकोळ वस्तू वेगळ्या. हे कळते डिस्चार्जच्या दुपारी. भरतीच्या रात्री कोणी एक वाक्य बोलले असते तर ते टळले असते.

दुसरी जागा याहून नाजूक आहे. भरती करताना निवासी डॉक्टर विचारतात, ‘आधीचं काही? बीपी, शुगर?’ मुलगी सांगते, ‘बीपी आहे, असेल चार-पाच वर्षं.’ केसपेपरवर लिहिले जाते: पाच वर्षे. पॉलिसी चार वर्षांपूर्वीची असते आणि फॉर्ममध्ये रक्तदाबाचा उल्लेख नसतो. मग क्वेरी पडते, रक्तदाबाचे निदान प्रथम केव्हा झाले, पहिल्या तपासणीचे कागद पाठवा. सलग 60 महिने पॉलिसी चालू असेल तर फसवणूक सिद्ध केल्याशिवाय जुनी माहिती लपवल्याच्या कारणाने कंपनीला दावा नाकारता येत नाही. चार वर्षे म्हणजे त्याच्या अलीकडे. घाबरलेल्या लेकीच्या तोंडून अंदाजाने निघालेले ‘चार-पाच’ आता पुरावा ठरते. खोटे बोलावे असे कोणीच म्हणणार नाही. पण अंदाज सांगताना तो अंदाज म्हणूनच नोंदवला जावा आणि निदानाची खरी तारीख कागदावरून काढावी, एवढे सांगणारा माणूस तिथे असायला हवा.

यावर म्हटले जाते, पॉलिसी वाचून घ्यावी, आता सोप्या भाषेतला माहितीचा तक्ताही सोबत मिळतो. तो तक्ता उपयोगाचा आहे आणि प्रत्येकाने तो वाचावाच. पण ज्याच्या वडिलांना स्ट्रेचरवर घेतले आहे त्याने कलमे आठवावीत ही अपेक्षा माणुसकीची नाही. कोणी म्हणेल, एजंट असतो. चांगला एजंट रात्री दोनला फोन उचलतो, हेही खरे. मात्र ते त्याच्या स्वभावावर अवलंबून आहे. विमा लोकपाल आहे, मुंबईत आहे, पुण्यात आहे, तक्रारीला शुल्क नाही. पण तो निवाडा देतो तोवर दागिने गहाण पडलेले असतात. कंपन्यांची बाजूही पोकळ नाही. फुगवलेली बिले आणि गरज नसताना केलेल्या भरत्या असतात. त्यांचा भार शेवटी सगळ्यांच्याच हप्त्यावर येतो, म्हणून छाननी हवीच. माझे म्हणणे छाननी नको असे नाही, छाननीला उत्तर देणारा माणूस हवा असे आहे. त्याच परिपत्रकात दाव्याची कागदपत्रे रुग्णालय आणि टीपीएकडून घ्यावीत, पॉलिसीधारकाला त्यासाठी पळवू नये असे म्हटले आहे. प्रत्यक्षात झेरॉक्सच्या रांगेत पॉलिसीधारकच उभे दिसतात, कारण हा हक्क त्यांना सांगितलेलाच नसतो.

असा माणूस नेमता येतो हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. 2012 मध्ये आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली, पुढच्या वर्षी राज्यभर गेली आणि 2017 मध्ये महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली. तिने अंगीकृत रुग्णालयांत आरोग्यमित्र बसवला. शिधापत्रिका आणि आधार पाहणे, नोंदणी करणे, कुठला उपचार योजनेत बसतो ते सांगणे, मंजुरीचा पाठपुरावा करणे ही त्याची कामे. तो परिपूर्ण नाही. त्याची नेमणूक टीपीएमार्फत होते, वेतनाबद्दल त्याची जुनी नाराजी आहे, आणि ‘आमच्याकडे ही योजना या आजाराला नाही’ असे रुग्णालयाने सांगितल्यावर त्याचे फारसे चालत नाही. पण हातात पिवळे कार्ड घेऊन खेड्यातून आलेल्या बाईला निदान कोणासमोर उभे राहायचे ते माहीत असते. वर्षाला पंचवीस-तीस हजार हप्ता भरणाऱ्या शहरी कुटुंबाला तेवढेही मिळत नाही.

खर्च वाढेल, हा शेवटचा आक्षेप. वाढेल, थोडा. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा 18 टक्के जीएसटी गेला. त्या तुलनेत हप्त्यामागे येणारा हा भार किरकोळ असेल. मोठ्या रुग्णालयात सर्व कंपन्यांनी मिळून एक माणूस ठेवावा, त्याचा पगार दाव्यांच्या निकालाशी न जोडता सामाईक निधीतून व्हावा आणि त्याने विमाधारकाची गाठ भरतीच्या वेळीच घ्यावी, बिल बनल्यावर नव्हे. खोलीची मर्यादा, को-पे आणि मंजूर न होणाऱ्या वस्तू एका कागदावर लिहून त्यावर घरच्यांची सही घ्यावी. डिस्चार्जला तीन तासांचे घड्याळ कधी सुरू झाले, ती वेळही त्याच कागदावर टाकावी, म्हणजे उशीर झाला तर तो रुग्णालयाचा की कंपनीचा हे टेबलापलीकडच्या मुलीला ओरडा न खाता दाखवता येईल.