सगळ्याजणींना एकच गाडी

बारामतीतली पियाजिओ म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे येते ती आपे. बाजार समितीच्या दारात, वाडीवस्तीच्या फाट्यावर, दवाखान्याच्या वाटेवर दिसणारी तीनचाकी. त्याच कारखान्यात २०१२पासून व्हेस्पा तयार होऊ लागली, पुढे एप्रिलियाच्या स्कूटर आल्या, आणि डिसेंबर २०२३मध्ये गोव्यात बाजारात उतरली ती एप्रिलिया आरएस ४५७. दोन सिलिंडरचं ४५७ सीसीचं इंजिन, ४७ हॉर्सपॉवरच्या वर ताकद, पेट्रोलसकट १७५ किलो वजन आणि तेव्हाची किंमत ४ लाख १० हजार रुपये. युरोपात तरुण चालकांच्या परवान्याला ३५ किलोवॉटची मर्यादा असते. या गाडीची ताकद नेमकी त्या मर्यादेला आणून ठेवलेली आहे. स्पेनमधल्या किंवा इटलीतल्या एखाद्या अठरा वर्षांच्या मुलीनं पहिली स्पोर्ट्स बाइक घ्यायचं ठरवलं, तर ती गाडी बारामतीच्या एमआयडीसीतून गेलेली असू शकते.

शेजारच्या इंदापूर तालुक्यात वालचंदनगर आहे. साखर कारखान्यांची यंत्रं करता करता तिथल्या कामगारांनी इस्रोच्या रॉकेटला लागणारे भाग घडवले. लोखंड हव्या त्या मापात बसवणारे हात या दोन तालुक्यांत पिढ्यान् पिढ्या आहेत. वेगाची आवडही तितकीच जुनी. बैलगाडा शर्यतींना सर्वोच्च न्यायालयानं १८ मे २०२३ रोजी कायमची वाट मोकळी करून दिली, आणि जत्रांच्या मैदानांवर पुन्हा गर्दी लोटते आहे. गट कोणी काढला, सेमीला कोण बसलं, फायनलला कोणती जोडी लागली, हे इथल्या शाळकरी पोरांना तोंडपाठ असतं.

मग गाडी इथली, हात इथले, शर्यतीची जाण इथली. त्या गाडीवर बसणारी मुलगी इथली का नसावी? डांबरी ट्रॅकवरच्या मोटरसायकल शर्यतीच्या पहिल्या महिला जागतिक अजिंक्यपद मोसमाची माहिती गोळा करताना हा प्रश्न मला सोडत नव्हता.

तो मोसम २०२४चा. जूनमध्ये इटलीतल्या मिसानोला पहिली फेरी झाली. मग इंग्लंडमधलं डॉनिंग्टन पार्क, पोर्तुगालमधलं पोर्तिमाव, पुन्हा इटलीत क्रेमोना, पोर्तुगालचं एस्तोरिल आणि ऑक्टोबरात स्पेनमधलं हेरेस. सहा फेऱ्या, प्रत्येक फेरीत दोन शर्यती. वर्ल्ड सुपरबाइक या जागतिक स्पर्धेच्याच शनिवार-रविवारी, त्याच ट्रॅकवर, त्याच प्रेक्षकांसमोर चोवीस जणी धावल्या. विजेतेपदाचा निकाल अखेरच्या फेरीपर्यंत लांबला आणि हेरेसला स्पेनच्या आना कारास्कोनं मुकुट जिंकला. मारिया एरेरा दुसरी, सारा सांचेझ तिसरी. पहिल्या तिघीही स्पॅनिश. त्यात आश्चर्य काही नाही. स्पेनमध्ये पोरं तीन-चार वर्षांची असताना मिनीबाइकवर बसतात आणि कारास्को त्यातलीच एक. चोवीस जणींत भारतीय एकही नव्हती.

या मोसमाचा माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाचा भाग निकालाचा नाही, नियमांचा आहे. सगळ्याजणींना एकच गाडी दिली होती: यामाहाची आर७, ६८९ सीसीची, शर्यतीसाठी एकाच पद्धतीनं सज्ज केलेली. टायर सगळ्यांना पिरेलीचे. मोसमाची प्रवेश फी प्रत्येकीला २५,००० युरो, म्हणजे तेव्हाच्या दरानं साधारण साडेबावीस लाख रुपये, आणि त्यात गाडी, टायर, इंधन, तांत्रिक मदत सगळं आलं. रक्कम लहान नाही. पण जागतिक पातळीवरच्या पुरुषांच्या शर्यतीत एका मोसमाचा खर्च यापेक्षा कितीतरी पुढे जातो, आणि जिच्या मागे श्रीमंत संघ नाही ती मुलगी तिथं गाडीच्या जोरावर आधीच हरलेली असते. बैलगाड्याच्या मैदानावरही हेच दिसतं: लाखांची खोंडं ज्याच्या दावणीला, त्याच्या बाजूनं निम्मी शर्यत सुटण्याआधीच लागते, मग हाकणारा कितीही पट्टीचा असो. एकसारख्या गाड्या दिल्या की उरतो तो फक्त हाकणाऱ्याचा कस.

आणि हा कस कुठं लागतो, हे जरा जवळून बघण्यासारखं आहे. सरळ पट्ट्यात सगळ्यांच्या गाड्या दोनशेच्या पुढे पळतात आणि तिथं फारसा फरक पडत नाही. फरक पडतो वळणाआधीच्या ब्रेकला. हनुवटी टाकीवर टेकवून वाऱ्याखाली दडलेली रायडर एकदम अंग वर घेते. हवेचा सगळा रेटा छातीवर येतो आणि तोही गाडीला मागे खेचू लागतो. उजव्या हाताची दोन बोटं ब्रेकवर, डाव्या पायानं एकामागून एक गिअर खाली, गाडीचं वजन पुढच्या चाकावर लोटलेलं, मागचं चाक जमिनीला नावापुरतं टेकलेलं. या क्षणी जी हातांवर भार घेते तिचं हँडल जड होतं आणि गाडी वळायला नकार देते. जी मांड्यांनी टाकी आवळून धरते तिचे हात मोकळे राहतात. मग आतल्या बाजूचा गुडघा बाहेर, त्यावरची प्लॅस्टिकची चकती डांबराला घासते, आणि नजर चाकासमोर नाही तर वळण जिथं संपतं तिथं. ब्रेक एक गाडीलांबी उशिरा धरणारीला पुढे जायला तेवढं पुरतं. दंडाच्या ताकदीचा यात वाटा आहे, पण तो लोक समजतात त्यापेक्षा कमी. मांड्या, पोट, मान आणि डोळे जास्त काम करतात, आणि पंधरा-वीस मिनिटं न डगमगणारं डोकं.

म्हणूनच बाईला हे झेपायचं नाही, हा जुना आक्षेप प्रत्येक वेळी ट्रॅकवरच खोटा ठरत आला. बिअट्रिस शिलिंग या इंजिनिअर बाईंनी १९३४मध्ये इंग्लंडच्या ब्रुकलँड्स ट्रॅकवर नॉर्टन मोटरसायकलनं ताशी शंभर मैलांच्या वर फेरी मारून तिथला मानाचा गोल्ड स्टार मिळवला. बेरिल स्वेन १९६२मध्ये आइल ऑफ मॅनच्या टीटी शर्यतीत ५० सीसीच्या गाडीवर धावल्या. तिथं एकट्यानं गाडी चालवणाऱ्या त्या पहिल्या महिला. शर्यत त्यांनी पुरी केली, आणि त्यानंतर त्यांचा आंतरराष्ट्रीय परवाना काढून घेण्यात आला. कारण काय, तर हा खेळ बायकांसाठी धोक्याचा. तिथं पुढची बाई एकटीनं उतरली ती थेट १९७८मध्ये. सोळा वर्षं एका शिक्क्यानं खाल्ली. त्या सोळा वर्षांत ज्या मुली रायडर झाल्या असत्या त्यांची नावं कुठल्याच यादीत सापडणार नाहीत, आणि मला तो हिशेब सगळ्यात जास्त टोचतो.

धोका खोटा नाही, हेही मान्य करायला हवं. मिसानोच्या पहिल्याच फेरीत नॉर्वेची एक रायडर पडून गंभीर जखमी झाली. पण धोका पुरुषांनाही तितकाच असतो आणि त्यांचा परवाना त्यासाठी कोणी काढून घेतल्याचं माझ्या वाचनात नाही.

दुसरा आक्षेप जास्त विचार करायला लावणारा आहे. मोटरसायकल शर्यत हा बाई आणि पुरुष एकत्र लढू शकतील असा खेळ. मग बायकांची वेगळी चूल कशाला? कारास्कोनं २०१८मध्येच सुपरस्पोर्ट ३०० गटात सगळ्या पुरुषांना मागे टाकून जागतिक विजेतेपद मिळवलं होतं. ते जिंकणारी ती जगातली पहिली महिला. तिला वेगळ्या गटाची गरज काय? माझं उत्तर असं की गरज कारास्कोला कमी आणि तिच्या मागच्या वीस जणींना जास्त होती. एखादी मुलगी पुरुषांच्या शर्यतीत बाविसावी येते तेव्हा तिच्याकडे कॅमेरा फिरत नाही, प्रायोजक फिरत नाही, आणि दोन मोसमांत घरच्यांचे पैसे संपतात. इथं ती पाचवी-सहावी आली तरी नाव दिसतं. आणि ही पायरी वर नेते: कारास्को जिंकल्यानंतर २०२५मध्ये पुन्हा पुरुषांबरोबर वर्ल्ड सुपरस्पोर्टमध्ये धावली, आणि महिलांचं विजेतेपद एरेराकडे गेलं.

नुसता पहिला मोसम झाला म्हणून स्पर्धा टिकते असं मात्र नाही. मोटारींच्या शर्यतीत महिलांची डब्ल्यू सिरीज २०१९मध्ये मोठ्या गाजावाजात सुरू झाली. तिथं मुलींकडून पैसे घेतले जात नव्हते, ही फार चांगली गोष्ट होती. जेमी चॅडविकनं झालेले तिन्ही मोसम जिंकले. पण २०२२चा तिसरा मोसम पैशाअभावी अर्ध्यात थांबला आणि स्पर्धाच बंद पडली.

भारताचा यातला वाटा आपल्याला फारसा सांगितला जात नाही. एकाच बनावटीच्या गाड्यांवर महिलांची स्पर्धा टीव्हीएस रेसिंगनं २०१६मध्ये सुरू केली, म्हणजे जागतिक स्पर्धेच्या आठ वर्षं आधी. अपाची गाड्या, चेन्नईजवळचा इरुंगाट्टुकोट्टैचा ट्रॅक, आणि देशभरातून निवडलेल्या मुली. राष्ट्रीय अजिंक्यपदातही मुलींचा स्वतंत्र गट आला. बंगळुरूच्या ऐश्वर्या पिस्सेनं २०१९मध्ये वाळवंटी आणि खडकाळ वाटांवरच्या बाजा शर्यतींच्या, आंतरराष्ट्रीय मोटरसायकल महासंघाच्या (एफआयएम) विश्वचषकात महिला गट जिंकला. ६५ गुण तिचे, ६१ पोर्तुगालच्या रीटा विएराचे. मोटरस्पोर्टमध्ये जागतिक किताब मिळवणारी ती पहिली भारतीय. बाई म्हणून पहिली असं नव्हे, भारतीय म्हणून पहिली.

यात पुणे जिल्हा कुठं आहे? गाड्या बनवण्यात आणि गाड्यांवर भटकण्यात आहे. बुलेटपासून स्पोर्ट्स बाइकपर्यंत सगळं चालवणाऱ्या महिलांची ‘बाइकर्नी’ ही संघटना २०११मध्ये पुण्यातच उर्वशी पाटोळे आणि फिरदौस शेख यांनी उभी केली, आणि त्याच वर्षी तिच्या सदस्या खारदुंग ला खिंडीपर्यंत जाऊन आल्या. पण भटकंती वेगळी आणि शर्यत वेगळी. राष्ट्रीय पातळीवरच्या ट्रॅकवरच्या शर्यती चेन्नई-कोइमतूरभोवती फिरतात. बारामतीच्या मुलीला सरावासाठी हजार किलोमीटरच्या आसपास प्रवास, गाडी टेम्पोत घालून न्यायची, चामडी रेसिंग सूट, हेल्मेट, बूट, टायर; आणि सोबत घरातलं कोणीतरी, कारण एकटीला पाठवणार नाहीत. प्रतिभेचा प्रश्न यानंतर येतो.

तिची तयारी मात्र रोज होत असते. भवानीनगर, सणसर, लासुर्णे, निमगाव केतकी या पट्ट्यातून कॉलेजला जाणाऱ्या मुली तोंडाला स्कार्फ बांधून, सनकोट चढवून स्कूटीवरून जातात. गाळपाच्या हंगामात समोर उसाची डबल ट्रॉली आणि मागं हॉर्न वाजवणारा टेम्पो असतो. ट्रॉलीच्या मागं रिफ्लेक्टर असेलच असं नाही, साईडपट्टीवर खडी सांडलेली. अशा रस्त्यावर अंतर जोखणं, मागच्याचा अंदाज घेणं, घाबरून ब्रेक न दाबणं हे सगळं त्या शिकतात, आणि घरी कोणी त्याला कसब म्हणत नाही.

आता तुकोबांच्या पालखीचा मार्ग पाटसपासून बारामती, इंदापूरवरून पुढे तोंडल्यापर्यंत रुंद होतो आहे. काटेवाडीला मेंढ्यांचं रिंगण, बेलवाडीला अश्वांचं रिंगण जिथं होतं तोच हा मार्ग. रुंद, गुळगुळीत रस्ता मिळाला की पोरांचा हात अॅक्सिलेटरवर जातोच. रस्त्यावरची शर्यत म्हणजे मरण आहे, दुसऱ्याचंही. तिचं कौतुक कोणी करू नये. पण नुसतं ‘करू नका’ म्हणून भागत नाही, करायला बंदिस्त जागा द्यावी लागते. कायद्यानं सोळाव्या वर्षी ५० सीसीपर्यंतचा आणि अठराव्या वर्षी गिअरच्या गाडीचा परवाना मिळतो, तोवर कारास्कोसारख्या मुलींची पंधरा वर्षं शर्यतीत गेलेली असतात. बंद ट्रॅकवर मात्र वयाची अडचण तेवढी राहत नाही. भारतात होंडाच्या टॅलेंट कपमध्ये तेरा-चौदा वर्षांची मुलं धावली आहेत.

त्यासाठी बुद्ध सर्किटसारखा पाच किलोमीटरचा ट्रॅक नको. एका किलोमीटरचा, गो-कार्टच्या धर्तीचा वळणावळणाचा डांबरी ट्रॅक दीडशे-दोनशे सीसीच्या गाड्यांना पुष्कळ झाला. कडेला मातीची मोकळी जागा, टायरच्या भिंती, उभी रुग्णवाहिका, वेळ मोजायचं यंत्र, शिकवायला परवानाधारक प्रशिक्षक. आणि दहा गाड्या, सगळ्या एकाच बनावटीच्या, संस्थेच्या मालकीच्या, म्हणजे ज्या मुलीच्या घरी गाडी घ्यायची ऐपत नाही तिलाही सुरुवात करता येईल. साखर कारखाने, शिक्षणसंस्था आणि गाड्यांचे कारखाने ज्या तालुक्यांत हाकेच्या अंतरावर आहेत तिथं हा खर्च अवाक्याबाहेरचा नाही. कुस्तीच्या तालमींना, कबड्डीच्या मैदानांना या भागानं हात आखडता घेतला नाही. मुलींच्या पहिल्या तुकडीसाठी अर्ज मागवताना दोन गोष्टी आधीच छापाव्यात: फी माफ, आणि आईवडिलांना सरावाच्या वेळी ट्रॅकशेजारी बसायला जागा.