एस.टी.चे वेळापत्रक सर्वांना खुले झाल्यास

बारामती व इंदापूर या दोन्ही तालुक्यांच्या ठिकाणी एस.टी.ची आगारे असून भवानीनगर, लासुर्णे, निमगाव केतकी या गावांवरून जाणारा रस्ता त्यांना जोडतो. मात्र आडवाटेच्या एखाद्या फाट्यावरून निघणाऱ्या प्रवाशाने गाडी कोठे बदलावी, हे सांगणारे मोफत सॉफ्टवेअर घडवायचे, तर वेळापत्रक स्थानकातील फलकावर असून भागत नाही. ते संगणकाला वाचता येईल अशा स्वरूपात आणि कोणालाही वापरण्याच्या मुभेसह, म्हणजेच ‘खुली माहिती’ म्हणून, मिळावे लागते. अमेरिकेतील पोर्टलंडच्या ‘ट्रायमेट’ या परिवहन संस्थेने गूगलच्या सहकार्याने २००५ मध्ये अशा माहितीसाठी ‘जीटीएफएस’ हा साचा घडवला आणि तो पुढे जगभर रूढ झाला. थांब्यांचे अक्षांश-रेखांश, मार्ग, फेऱ्या, वेळा आणि गाडी धावण्याचे वार यांच्या साध्या मजकूर-फाइलींवर तो उभा आहे. मध्यरात्रीनंतरचा दीड त्यात २५:३० असा लिहिता येत असल्याने रातराणीची एकच फेरी दोन तारखांत तुटत नाही. खरे किचकट काम विनंती थांब्यांचे आहे, कारण त्यांची नेमकी जागा बहुधा चालक-वाहकांनाच ठाऊक असते; तरी स्थानिक महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना मोबाइलवरून ती नोंदवणे अवघड नाही. दिल्लीने २०१८ मध्ये बसगाड्यांची माहिती खुली केली, एस.टी. महामंडळानेही या दोन आगारांची वेळापत्रके त्याच रूपात खुली करावीत.