‘म्हणे’ आणि वृत्तांतलेखन

वृत्तविद्येच्या विद्यार्थ्यास चार ओळींच्या बातमीपेक्षा एखाद्या वस्तीत राहून लिहिलेला वर्णनपर वृत्तांत अधिक आनंद देतो. हा आनंद केवळ साहसाचा किंवा शब्दविलासाचा नव्हे. त्याचे एक मूळ भाषेच्या घटनेत आहे, असे दाखविण्याचा येथे प्रयत्न आहे.

पुढील तीन वाक्ये पाहावीत : ‘रात्री पाऊस पडला’, ‘रात्री पाऊस पडला असावा’, ‘रात्री पाऊस पडला म्हणे’. घटना एकच, ज्ञानाचे साधन मात्र निराळे. पहिल्या वाक्यात वक्ता स्वतः हमी घेतो. दुसऱ्यात ओल्या अंगणावरून अनुमान करतो. तिसऱ्यात ऐकीव गोष्ट पुढे सांगतो. ‘म्हणे’ हे मुळात ‘म्हण’ ह्या धातूचे रीतिभूतकाळी रूप. येथे ते पुरुषवचनाचा संबंध सोडून अव्ययासारखे वापरले जाते. वृत्तपत्रांतील ‘असे समजते’, ‘असे सांगण्यात येते’ हे प्रयोग म्हणजे ‘म्हणे’चीच दरबारी रूपे होत.

मराठीत ‘रिपोर्ताज’ ह्या नावाने ओळखला जाणारा लेखनप्रकार ही रूपे शक्य तेथे टाळू पाहतो. वैद्यकाचे पदवीधर असलेले अनिल अवचट (१९४४–२०२२) बिहारमध्ये गेले व १९६९ साली त्यांचे ‘पूर्णिया’ प्रसिद्ध झाले. पुढे हमालांसारख्या श्रमिकांविषयीही त्यांनी प्रत्यक्ष त्यांच्यांत वावरून लिहिले.

अशा वावराने वाक्य कसे बदलते? ‘हमालांना फार कष्ट पडतात म्हणे’ असे लिहिणारा विद्यार्थी एकदा पोते उचलून पाहतो आणि लिहितो : ‘पोते पाठीवर आले आणि मान वर करवेना.’ ‘करवेना’ हे शक्य क्रियापदाचे नकारार्थी रूप कष्टांचे विशेषण देत नाही. ते शरीराची असमर्थताच सांगते. असे वाक्य साधले म्हणजे विद्यार्थ्यास होणारा आनंद खरा असतो.

तथापि येथेच सावध राहावयास हवे. आठ दिवसांच्या ओझ्याने स्वतःच्या मानेविषयी लिहिण्याचा अधिकार मिळतो. हमालाच्या तीस वर्षांच्या पाठदुखीविषयी ‘म्हणे’ गाळण्याचा मिळत नाही. ते दुःख त्याच्याच शब्दांत, त्याने सांगितले म्हणूनच यावे. सरावलेली लेखणी पाहिलेले आणि ऐकलेले एकाच ओघात लिहून जाते, वाचकास ही सरमिसळ ओळखता येत नाही, आणि चुकीचे वर्णन छापले गेल्यास त्याचे परिणाम हमालास भोगावे लागतात. म्हणून वर्णन जितके जिवंत, तितका ‘म्हणे’चा हिशेब चोख असला पाहिजे.