शिकविलेल्या हत्तींचे खेळ : एक टिपण

हत्तीचा खेळ पाहण्याच्या महाराष्ट्रात दोन रीती होत्या. कोल्हापूरच्या साठमारीत त्यास चिडवून त्याचा क्रोध पाहिला जाई. विष्णुपंत छत्रे यांनी १८८० च्या सुमारास काढलेल्या ‘ग्रेट इंडियन सर्कस’पासून रुळलेल्या सर्कशीत त्याचा आज्ञाधारकपणा. प्राणिसंग्रहालय या दुसऱ्या रीतीपासून फारसे दूर नव्हते. लंडनच्या संग्रहालयात मुलांना पाठीवर फिरविणारा जंबो १८८२ मध्ये बार्नमच्या सर्कशीस विकला गेला.

या शिक्षणाचे तत्त्व साधे आहे : आज्ञा पाळल्यास खाऊ, न पाळल्यास अंकुश. ते किती खोल रुजते याचा दाखला टोकियोच्या उएनो संग्रहालयात मिळतो. १९४३ मध्ये, युद्धकाळात, तेथील हत्तींना शासकीय हुकुमाने उपाशी ठेवण्यात आले. तेव्हा रक्षक दिसताच ते अन्नाच्या आशेने शिकविलेले खेळ करून दाखवीत.

भारतात १९९८ च्या अधिसूचनेने वाघ, सिंह, अस्वल आदींचे खेळ बंद झाले. हत्ती मात्र त्या यादीबाहेर राहिला. पुढे २००९ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने संग्रहालये व सर्कशी यांतील हत्ती अन्यत्र हलविण्याचा आदेश काढला. खेळ पाहून प्रेक्षकास माणसाची हुकमत कळते. कळपात राहणाऱ्या हत्तीचा स्वभाव कळत नाही.