अस्वलाची दोस्ती : पडद्यावरची पन्नास वर्षं

लहान मूल आणि जंगली अस्वल यांची दोस्ती हा कौटुंबिक सिनेमाचा हुकमी विषय. त्याचा माग काढत गेलं की आपण १९६५ सालाशी येऊन थांबतो. त्या वर्षी वॉल्ट मोरी या अमेरिकी लेखकाची ‘जेंटल बेन’ ही किशोर कादंबरी आली. अलास्कातली मासेमारांची वस्ती, भाऊ गमावलेला एकलकोंडा मार्क आणि पाच वर्षं शेडमध्ये साखळीला जखडलेलं बेन हे तपकिरी अस्वल, एवढाच ऐवज. पण मोरींनी त्यात साखरपाणी घातलं नाही. मार्कचं अस्वलावर कितीही प्रेम असलं तरी गावाला त्याची भीती वाटतेच आणि त्याला दूरच्या बेटावर नेऊन सोडावं लागतं.

दोनच वर्षांत तिच्यावर ‘जेंटल जायंट’ हा चित्रपट निघाला आणि गोष्टीचा पत्ताच बदलला. निर्माते होते इव्हान टॉर्स, ‘फ्लिपर’ या डॉल्फिनमुळे घरोघरी पोचलेले. त्यांचं बस्तान फ्लॉरिडात, म्हणून अलास्काचा बर्फ गेला, दलदल आली. तपकिरी अस्वलाच्या जागी ब्रुनो नावाचं काळं अस्वल आलं. मार्क झाला आठ वर्षांचा क्लिंट हॉवर्ड, पुढे दिग्दर्शक म्हणून गाजलेल्या रॉन हॉवर्डचा धाकटा भाऊ. १९६७च्या सप्टेंबरात सीबीएसवर मालिकाही सुरू झाली आणि दोन वर्षांत तिचे ५६ भाग झाले. मागे भलामोठा पंखा लावलेल्या होडीतून वडील दलदलीत गस्त घालतात, घरचं अस्वल कुत्र्यासारखं मुलाच्या मागेमागे फिरतं, हे चित्र एका पिढीच्या डोक्यात पक्कं बसलं.

चाबकाऐवजी मायेने जनावर शिकवावं, असं मानणाऱ्यांपैकी टॉर्स होते. तरीही बेनची भूमिका करणाऱ्या अस्वलांची नखं काढलेली होती. पडद्यावर जे प्रेमाचं फळ म्हणून दिसत होतं, त्यात पकड-चिमट्याचाही वाटा होता. या सगळ्या परंपरेची मेख इथेच आहे. गोष्ट सांगते, की मन निर्मळ असलं तर अस्वल आपलं होतं. चित्रीकरण मात्र अस्वलाला आधी निरुपद्रवी करून घेतं आणि मगच मुलाला त्याच्याजवळ पाठवतं.

सत्तरच्या दशकात हाच साचा मोठ्या माणसाला लावला गेला. १९७४च्या ‘द लाइफ अँड टाइम्स ऑफ ग्रिझली अ‍ॅडम्स’मध्ये दाढीधारी डॅन हॅगर्टी डोंगरात एकटा राहतो आणि अस्वल त्याचा जिवाभावाचा सोबती बनतं. १९७७पासून एनबीसीवर त्याची मालिकाही आली. खरा ग्रिझली अ‍ॅडम्स हा एकोणिसाव्या शतकातला कॅलिफोर्नियाचा शिकारी. तो अस्वलं पाळत असे हे खरं, पण आईला मारून पिल्लं उचलून आणत असे. अस्वलाच्या हल्ल्यात त्याच्या डोक्याची कवटी फुटली, पाळलेल्या अस्वलाशी कुस्ती खेळताना ती जखम पुन्हा उघडली आणि १८६० साली तो गेला. पडद्याने त्याची दाढी तेवढी घेतली, कवटी सोडून दिली.

ही कोंडी फोडली एका फ्रेंच दिग्दर्शकाने. जाँ-जाक आनो यांचा ‘द बेअर’ १९८८मध्ये आला. आधार होता जेम्स ऑलिव्हर करवुड यांच्या १९१६च्या ‘द ग्रिझली किंग’ या कादंबरीचा. करवुड स्वतः शिकारी होते आणि नंतर वन्यजीवांच्या बाजूने उभे राहिले. आनोंनी एक साधी, पण धाडसी गोष्ट केली. माणसाचं मूल काढूनच टाकलं. इथलं लेकरू म्हणजे अस्वलाचं पिल्लू. मध खणताना दरड कोसळून त्याची आई मरते आणि ते एका जखमी दांडग्या नराच्या मागे लागतं. संवाद जेमतेम, कथा ब्रिटिश कोलंबियातली, चित्रीकरण आल्प्सच्या डोलोमाइट रांगांत.

त्यातला एक प्रसंग पाहाच. प्यूमा पिल्लाला ओढ्याकाठी गाठतो, पंजा मारतो, त्याचं नाक रक्ताळतं. पिल्लू जीव एकवटून ओरडतं आणि प्यूमा चक्क मागे सरकतो. आपल्याला पिल्लाच्या हिमतीचं कौतुक वाटतं, आणि मग कॅमेरा दाखवतो की त्याच्या पाठीशी तो नर दोन पायांवर उभा आहे. दुसऱ्या प्रसंगात तोच नर निःशस्त्र शिकाऱ्याला कड्याशी गाठतो, तोंडावर डरकाळी फोडतो आणि निघून जातो. तो मैत्री करत नाही, फक्त सोडून देतो. त्या सोडून देण्यानेच शिकारी बदलतो.

अर्थात हा नरही शिकवलेलाच होता. बार्ट हे कोडियाक अस्वल, डग स्यूस यांनी युटात पिल्लापासून वाढवलेलं. धोक्याच्या ठिकाणी जिम हेन्सन यांच्या कार्यशाळेतली यांत्रिक अस्वलंही वापरली गेली. पण स्यूस दांपत्याने पुढे ग्रिझलींच्या अधिवासासाठी ‘व्हायटल ग्राउंड’ ही संस्था काढली, म्हणजे पडद्यावरच्या अस्वलाने रानातल्या अस्वलांसाठी जमीन मिळवायला हातभार लावला.

दोस्तीच्या स्वप्नाला खरा तडाखा बसला २००३च्या ऑक्टोबरात. टिमोथी ट्रेडवेल तेरा उन्हाळे अलास्कातल्या कॅटमाईत अस्वलांच्या सान्निध्यात राहिला होता, त्यांना नावं देत होता, शाळाशाळांत जाऊन मुलांना त्यांच्याबद्दल सांगत होता. तो आणि त्याची सोबतीण तिथेच अस्वलाच्या हल्ल्यात मारले गेले. २००५मध्ये वेर्नर हेर्झोग यांनी त्यानेच टिपलेल्या चित्रीकरणातून ‘ग्रिझली मॅन’ केला. ‘जेंटल बेन’चा मार्क मोठा होऊन खरोखरच रानात गेला असता तर काय झालं असतं, याचं हे उत्तर होतं.

त्यानंतरच्या कौटुंबिक सिनेमाने धडा घेतलेला दिसतो. २०१४च्या ‘मिडनाइट सन’मध्ये कॅनडाच्या उत्तरेतला मुलगा ध्रुवीय अस्वलाच्या चुकलेल्या पिल्लाला घरी ठेवून घेत नाही, त्याच्या आईकडे पोचवायला निघतो. २०१६च्या ‘द जंगल बुक’मध्ये तर नील सेठी हा एकटा मुलगा तेवढा हाडामांसाचा, बालू संगणकातला. कुणाची नखं काढायची गरजच उरली नाही.

बालू मुळात शिवनीचा, आपल्या पेंचच्या शेजारचा. आपल्याकडे मुलांना अस्वल भेटायचं ते मात्र दरवेशाच्या दोरीला बांधलेलं. त्या दोरीसाठी पिल्लाची नाकाडी टोचली जायची, दात मोडले जायचे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतरही हे चालूच राहिलं. शेवटचं नाचणारं अस्वल सोडवलं गेलं ते २००९मध्ये.

मुलांना या सगळ्यांतला एकच सिनेमा दाखवायचा तर ‘द बेअर’ दाखवावा. तो पाहून पोरगं विचारेलच, की अस्वल माझा मित्र होईल का? मेळघाटात किंवा ताडोबाच्या आसपास मोहाच्या दिवसांत रानात जाणाऱ्यांना जे सांगतात, तेच त्याला सांगावं. एकटं जाऊ नको, बोलत जा, अस्वलाला तुझी चाहूल आधी लागू दे. त्याला बाजूला व्हायला वेळ देणं, एवढी मैत्री त्याला पुरते.