मेलबर्नचे ते तीन गोल : नेव्हिल डिसोझा यांचे स्मरण

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर येथील आपल्या युवकांना युरोपातील फुटबॉलपटूंची नावे तोंडपाठ असतात. परंतु नेव्हिल डिसोझा हे नाव त्यांपैकी कितीजणांना ठाऊक असेल? ऑलिम्पिक फुटबॉलच्या एकाच सामन्यात तीन गोल करणारे, म्हणजेच ‘हॅट्‌ट्रिक’ साधणारे ते पहिले आशियाई खेळाडू. ते आपल्याच श्रद्धासमाजातील होते.

नेव्हिल यांचा जन्म १९३२ साली गोव्यातील आसगाव येथे झाला. गोव्यावर १९६१ पर्यंत पोर्तुगीजांची सत्ता होती. त्या काळी गोव्यातील असंख्य ख्रिस्ती तरुण पोटापाण्यासाठी मुंबईची वाट धरीत आणि आपापल्या गावच्या ‘कुडां’मध्ये आसरा घेत. फुटबॉल हे तेव्हा उपजीविकेचे साधन नव्हते. मुंबईतील मोठ्या कंपन्या गुणी खेळाडूंना नोकरी देत व आपले संघ उभारीत. नेव्हिल टाटांच्या संघाकडून खेळत असत.

दुसऱ्या महायुद्धानंतर १९४८ साली लंडनला पहिले ऑलिम्पिक भरले. तेथे आपले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले आणि फ्रान्सकडून १-२ असे हरले. १९५२ साली हेलसिंकी येथे तर युगोस्लाव्हियाने आपल्यावर १०-१ अशी मात केली. या मानहानीतून भारतीय फुटबॉलने धडा घेतला. खेळाडूंना बूट सक्तीचे झाले. हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम हे मुळात शिक्षक. हेलसिंकीच्या पराभवाच्या वेळी तेच प्रशिक्षक होते. दोन्ही पायांनी खेळावे आणि चेंडू स्वतःजवळ न रेंगाळवता सहकाऱ्याकडे द्यावा, यावर त्यांचा भर असे.

१९५६ साली मेलबर्नला पहिल्या फेरीत हंगेरीने माघार घेतल्याने भारताला पुढे चाल मिळाली. १ डिसेंबर रोजी गाठ पडली ती यजमान ऑस्ट्रेलियाशी. नेव्हिल यांनी ९व्या, ३३व्या आणि ५०व्या मिनिटाला गोल केले, किट्टू यांनी चौथ्याची भर घातली आणि भारत ४-२ असा विजयी झाला. उपांत्य सामन्यात पुन्हा युगोस्लाव्हिया समोर उभा ठाकला. पहिला गोल नेव्हिल यांनीच केला! पुढे भारत १-४ असा हरला, बल्गेरियाकडूनही पराभूत झाला. तरीही चौथे स्थान मिळाले. ऑलिम्पिक फुटबॉलमधील भारताची ती आजवरची सर्वोत्तम कामगिरी होय. एकूण चार गोल करून नेव्हिल स्पर्धेतील सर्वाधिक गोल करणाऱ्यांच्या पंक्तीत जाऊन बसले.

त्या संघाचे कर्णधार समर बॅनर्जी बंगालचे हिंदू, प्रशिक्षक रहीम मुसलमान, तर आघाडीवर गोव्याचा ख्रिस्ती तरुण. कोणी कोणाचा धर्म विचारून चेंडू दिला नाही.

१९८० साली, वयाच्या अवघ्या ४७व्या वर्षी, नेव्हिल यांनी जगाचा निरोप घेतला. पुढील पिढ्यांना त्यांचा विसर पडला.

संत पौलाने ख्रिस्ती जीवनाला शर्यतीची उपमा दिली आहे. शर्यतीत पडणारा उठून पुन्हा धावू लागतो, हेच १९५२ ते १९५६ या चार वर्षांनी दाखवून दिले. परीक्षेत वा नोकरीत अपयश आलेल्या आपल्या मुलामुलींना पालकांनी ही कथा जरूर सांगावी. धर्मग्रामातील सामन्यांच्या प्रारंभी तरी नेव्हिल यांचे नाव आदराने उच्चारले जावे, एवढीच अपेक्षा.